कोरियात पहिल्यांदा जेवायला बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियाचं तिकीट हातात पडलं की बहुतेक मराठी मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "तिखट झेपेल का?" रस्सा कशाचा आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. खरी अडचण तिथेच येते. त्यामुळे खालच्या उत्तरांत मिरचीपेक्षा रश्शाबद्दल जास्त लिहिलं आहे.

कोरियन जेवण फार तिखट असतं का?

दिसतं तेवढं नाही. गोचुगारू ही तिथली मिरचीपूड रंगाने आपल्या ब्याडगीच्या जवळची असते. लवंगी मिरचीची सवय असलेल्या जिभेला ती सौम्यच लागते. गोचुजांग म्हणजे मिरचीपूड, आंबवलेलं सोयाबीन, चिकट तांदूळ आणि मीठ यांची मुरवलेली लाल चटणी. ती गोडसर असते. आपलं तिखट कटातून, तर्रीतून येतं आणि पहिल्याच घासाला ठसका लावतं. तिथलं गोड, चिकट रसातून येतं. दोन-तीन घासांपर्यंत काहीच जाणवत नाही आणि मग ते तोंडात साठत जातं. त्तॉकबोक्की (तांदळाच्या पिठाच्या लांबट कांड्या, लाल रसात) खाताना नेमकी हीच फसगत होते.

जपायचं ते तीन शब्दांना: मेन्यूत ‘मेउन’ (तिखट), ‘बुलदाक’ (आगीसारखी तिखट कोंबडी) आणि ‘चॉंगयांग’ (तिथली खरी तिखट हिरवी मिरची). तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. साधा भात खा किंवा ग्येरानचिम मागवा. ते फुगवलेलं वाफाळतं अंडं असतं आणि अशा वेळी दहीभाताचं काम करतं. "दॉल मेप्के हे जुसेयो" म्हणजे "तिखट कमी करा". पण रस्सा आधीच तयार असेल तर ते शक्य होत नाही, आणि दुकानदार तसं स्पष्ट सांगतात.

शाकाहारी माणसाचं निभतं का?

निभतं, पण तयारी करून गेलात तर. नुसतं "मी मांस खात नाही" म्हणून भागत नाही. ‘गोगी’ या शब्दाचा अर्थ मांस. बोलताना मात्र त्यातून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाय-डुकराचं मांस येतं. मासळी, कोळंबी, हॅम आणि रश्शात उकळून काढलेली मासळी त्यात धरली जाईलच असं नाही. "गोगी नको" म्हटल्यावर समोर आलेल्या भाजीच्या रश्शात म्यॉल्ची बऱ्याचदा असते. म्यॉल्ची हा आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा. तो सुकवून दाशिमा नावाच्या समुद्री वनस्पतीबरोबर उकळतात, आणि ते पाणी म्हणजे निम्म्या कोरियन स्वयंपाकाचा पाया. द्वेनजांग चिगे (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा), सुनदुबु चिगे (मऊ टोफूचा रस्सा), काल्गुक्सु (हाताने कापलेल्या नूडल्स), त्तॉकबोक्की: या सगळ्यांत बहुधा तेच पाणी.

किमचीचंही तसंच. कोबी, मुळा, मिरची दिसते म्हणून ती शाकाहारी वाटते, पण मुरवताना तिच्यात सेउजॉत आणि एक्जॉत घालतात. सेउजॉत म्हणजे जवळ्याएवढी बारीक कोळंबी मिठात मुरवलेली, आणि एक्जॉत म्हणजे मुरलेल्या मासळीचं पाणी. किमचीला जी खोल चव येते त्यात यांचा मोठा वाटा असतो. म्हणून "मासळीशिवाय किमची द्या" असं साध्या दुकानात सांगून उपयोग नाही. ती कित्येक दिवस आधीच घातलेली असते.

मग खायचं काय? चार गोष्टींवर भरवसा ठेवता येतो. गिंबापच्या दुकानात रोल समोरच वळतात, त्यामुळे "हेम, मात्साल, ऑमुक, ग्येरान प्पे जुसेयो" असं सांगा. म्हणजे हॅम, खेकड्याच्या चवीची कांडी, मासळीची वडी आणि अंडं काढा. उरतं ते गाजर, पालक, काकडी, पिवळा खारवलेला मुळा आणि भात, आणि पोट छान भरतं. उन्हाळ्यात कोंगगुक्सु मिळतं. सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून काढलेल्या गार दुधातल्या या नूडल्स. तिसरी गोष्ट भोपळ्याची लापशी, होबाक्जुक. ती गोडसर असते आणि आजाऱ्यालाही चालते. चौथी गोष्ट मंदिरातलं जेवण. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

अंडं-मासळी कशालाच हात न लावणाऱ्यांनी आपले नियम कोरियन भाषेत लिहून मोबाईलवर ठेवावेत. त्यात मांस, मासळी, कोळंबी-शिंपले, एक्जॉत आणि म्यॉल्चीचा रस्सा ही नावं एकेक करून लिहा. ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दापेक्षा ही यादी कितीतरी जास्त काम करते.

कांदा-लसूणही चालत नसेल तर?

बौद्ध मंदिरातलं जेवण शोधा. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय ‘ओशिनचे’ म्हणजे पाच उग्र गोष्टीही वर्ज्य असतात: लसूण, कांद्याची पात, बुचु नावाची लसणीच्या वासाची पात, रानलसूण आणि हिंग. यादीतला हिंग पाहून मराठी माणूस थबकतो. आपल्याकडे कांदेनवमी झाली, चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाला, की चव सांभाळायला हिंगच पुढे येतो. तिथे तो वर्ज्यांच्या पंगतीत आहे.

सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर ‘बालु गोंगयांग’ हे जोग्ये पंथाचं भोजनालय आहे. आधी जागा राखून जावं. मुक्कामच करायचा असेल तर मंदिरात राहण्याची ‘टेंपल स्टे’ ही सोय २००२ पासून सुरू आहे. ताटात वाढलेलं सगळं संपवायचं, हा तिथला पक्का रिवाज, त्यामुळे बेताचंच वाढून घ्या.

गाईचं किंवा डुकराचं मांस टाळायचं आहे. कशात असतं ते?

गाईचं मांस ‘सोगोगी’, डुकराचं ‘द्वेजीगोगी’, कोंबडीचं ‘दाक्कोगी’. मोठे तुकडे दिसतातच. लपलेल्या जागा लक्षात ठेवा. बिबिंबापवर (वर भाज्या मांडलेला, कालवून खायचा भात) खिमा असतो. जापचेत (भाज्यांबरोबर परतलेल्या पारदर्शक शेवया) मांसाच्या पट्ट्या असतात. नेंगम्यॉन या गार नूडल्सचं पाणी बहुतेक गोमांसाचं असतं. इन्स्टंट रामयॉनच्या (पाकिटातल्या नूडल्स) मसाल्याच्या पुडीत बऱ्याचदा गोमांसाचा अर्क असतो. बुदे चिगेत हॅम आणि सॉसेज. मांदू म्हणजे मोमोसारख्या करंज्या, त्यात बहुधा डुकराचा खिमा. विचारायचं असं: "सोगोगी दुरॉ इस्सॉयो?" म्हणजे "यात गोमांस आहे का?"

सॉल्लॉंगतांगबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शासारखा दिसतो. त्यात नारळाचं दूध मुळीच नसतं. गाईची हाडं तासन् तास उकळून तो दुधासारखा पांढरा होतो. तो टेबलावर येतो तोही अक्षरशः अळणी. मीठ आणि चिरलेली पात समोर ठेवलेली असते, आपल्या चवीने घालायची. बुसानच्या द्वेजी गुकबाप या रस्साभातात हाच प्रकार डुकराच्या हाडांचा. त्यात मीठ म्हणून सेउजॉत घालतात.

दुकानात शिरल्यापासून पैसे देईपर्यंत काय करायचं?

दारातच किती माणसं ते विचारतात. बोटं दाखवली तरी चालतं. चमचे-चॉपस्टिक दिसत नाहीत म्हणून वाट बघत बसू नका. टेबलाच्या कडेला खाली बारीक खण असतो, तो ओढा. कागदी रुमालही त्यातच सापडतात. पाणी बहुतेक ठिकाणी आपलं आपण आणायचं आणि ते फुकट असतं. कधी साध्या पाण्याऐवजी सातूचा गार चहा असतो. ते पाणी गढूळ नाही.

बोलावायला टेबलावर घंटीचं बटण असतं. ते दाबणं उद्धटपणाचं मानत नाहीत. बटण नसेल तर "जॉगियो!" अशी मोकळी हाक मारा. कुणाच्या नजरेत येण्याची वाट पाहत बसलात तर बसूनच राहाल. अलीकडे पुष्कळ दुकानांत दाराशी किंवा टेबलावर ऑर्डरचा पडदा असतो. त्यावर भाषा बदलायचं चिन्ह कोपऱ्यात असतं. अशा पडद्यांवर परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही. मग काउंटरवर जा, आणि खिशात दहा हजार वॉनच्या चार-पाच नोटा असू द्या. ढोबळमानाने हजार वॉन म्हणजे साठेक रुपये.

पैसे निघताना काउंटरवर द्यायचे. टीप द्यायची नसते. टेबलावर ठेवलीत तर ती विसरलात असं समजून मागे धावत येतात.

छोट्या वाट्यांतले पदार्थ आपण मागवलेले नसतात. त्यांचे पैसे लागतात का?

नाही. ते बानचान, म्हणजे जेवणासोबतची तोंडीलावणी. आपल्या ताटातली डावी बाजू आठवा: कोशिंबीर, चटणी, लोणचं. तिथे ती सगळ्यांनी मिळून खायची. संपली की "बानचान दॉ जुसेयो" म्हटल्यावर पुन्हा मिळतात, तेही फुकट. काही ठिकाणी कोपऱ्यात भांडी मांडलेली असतात आणि आपण जाऊन वाढून घ्यायचं. मात्र घेतलेलं टाकू नका, तसे फलक भिंतीवर असतात. भाताची जादा वाटी, गोंगिबाप, हिचे मात्र पैसे पडतात.

जेवणाआधीच सगळं बानचान संपवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तो स्टार्टर नाही. घास भाताचा आणि सोबत चिमूटभर बानचान, अशीच त्याची चव बसवलेली असते. नुसतं खाल्लं की खारट लागतं.

बिबिंबाप कसा खायचा?

नीट कालवून. वरची भाज्यांची रांगोळी मोडायला जीव होत नाही, पण न कालवता खाल्लेला बिबिंबाप म्हणजे नुसताच भात आणि नुसतीच भाजी. गोचुजांग आधी अर्धा चमचा घाला, चव बघा, मग वाढवा. सगळा एकदम घातला तर बाकी चवी बुडतात.

दगडी भांड्यातला दोल्सॉत बिबिंबाप मागवलात तर घाई नको. भांडं चुरचुरत येतं. एक-दोन मिनिटं हात लावू नका, म्हणजे तळाला खरवड धरते. मग चमच्याने तळापासून उलथत कालवा आणि कडेची खरवड शेवटासाठी राखून ठेवा. या पदार्थाचा जीव त्या खरवडीत आहे. भांड्याला बोट लागलं तर भाजतं, हे मुलांना आधीच सांगा. नुसता दगडी भांड्यातला भात (दोल्सॉतबाप) आला तर भात वाटीत काढून घ्यायचा, खरवडीवर गरम पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. जेवण होईतो त्याची पेज तयार होते.

सामग्योप्साल, म्हणजे टेबलावर भाजायचं मांस, कसं करतात?

हा डुकराच्या पोटाकडचा चरबीचा थर असलेला भाग. एका माणसाचं माप १५० ते २०० ग्रॅम, आणि किमान दोन मापं घ्यावी लागतात. दोघांचं जेवण भात-रश्शासकट सोलमध्ये साधारण ४५ ते ५० हजार वॉनपर्यंत जातं.

जाळी किंवा तवा पुरता तापू द्या. तळव्याला धग लागली पाहिजे. गार तव्यावर टाकलं तर मांस चिकटतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. लांब पट्टी ठेवली की तिला छेडू नका. वरच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसू लागले आणि खालची बाजू सोनेरी झाली की उलटा. दुसरी बाजू झाली की चिमट्याने उचलून धरा आणि कात्रीने बोटभर तुकडे करा. कात्री त्यासाठीच दिलेली असते. मग कापलेल्या बाजू भाजा. तवा थोडा तिरका असतो आणि चरबी एका कडेला वाहत जाते. त्या वाटेवर किमची ठेवली की तीही खमंग परतून निघते. कच्चं मांस उचललेल्या चिमट्याने भाजलेले तुकडे ताटात घेऊ नका.

आता हातावर सॅलडचं पान घ्या, त्यावर केन्निपचं पान (कडेला दातेरी आणि उग्र सुगंधी). एक तुकडा सामजांगमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट चटणी) बुडवून ठेवा, लसणीची चकती, हवी तर मिरची. पुरचुंडी करा आणि अख्खी तोंडात घाला. दोन घासांत खायला गेलात की सगळं मांडीवर सांडतं, म्हणून पुरचुंडी लहान ठेवा. कपड्यांना वास लागतो. बसायच्या गोल स्टुलाचं झाकण बहुधा उघडतं, कोट त्यात ठेवा.

एकट्याला जेवायला देतात का?

भाजायच्या मांसाच्या आणि मोठ्या कढईतल्या पदार्थांच्या दुकानांत अडचण येते, कारण तिथे दोन मापांची अट असते. शिरण्याआधीच "होन्जायेयो" (एकटाच/एकटीच आहे) सांगावं. गुकबाप (रस्साभात), गिंबाप, नूडल्स, लापशी, मॉलच्या तळघरातलं फूड कोर्ट: इथे एकट्याने जेवणं रोजचंच. दुपारी तीन ते पाच पुष्कळ दुकानं बंद असतात. त्या वेळेत उपाशी फिरू नका.

चॉपस्टिक येत नसतील तर?

चमचा वापरा. कोरियात भात आणि रस्सा चमच्यानेच खातात, चॉपस्टिक बानचान आणि नूडल्ससाठी. त्या धातूच्या, चपट्या आणि निसरड्या असतात, त्यामुळे लाकडी वापरता येणाऱ्यांचीही पंचाईत होते. भाताची वाटी टेबलावरच राहू द्या, उचलून तोंडाला लावू नका. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ते पितरांच्या विधीची आठवण करून देतं. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर आपण सुरुवात करायची.

सकाळी नाश्त्याला काय मिळतं?

पोह्या-उपम्यासारखा वेगळा नाश्ता तिथे फारसा नाही, सकाळीही भात-रस्साच असतो. पुष्कळ कॅफे उशिरा उघडतात. सकाळी सातला चोवीस तास चालणारं गुकबापचं दुकान, लापशीचं दुकान किंवा कन्व्हिनियन्स स्टोअर गाठावं. स्टोअरमधला त्रिकोणी गिंबाप उघडायची रीत पाकिटावर १, २, ३ अशी छापलेली असते. १ नंबरची पट्टी टोकापासून खाली ओढून मागच्या बाजूपर्यंत पूर्ण काढा, मग २ आणि ३ हे कोपरे बाजूला खेचा. क्रम चुकला तर समुद्रशेवाळाचा कुरकुरीत कागद प्लास्टिकबरोबर निघून येतो आणि हातात नुसता भात उरतो.

बाजारात, गाड्यांवर काय खावं?

सोलच्या ग्वांगजांग बाजारात बिंदेत्तॉक खा. मूग भिजवून, जात्यावर वाटून, मोड आलेले मूग घालून भरपूर तेलात लावलेलं जाड धिरडं. मराठी जिभेला ते पहिल्या घासात ओळखीचं वाटतं. पिठात किमची किंवा डुकराचं मांस असू शकतं, म्हणून विचारा. सोबत कांदा घातलेलं सोया सॉस देतात. हिवाळ्यात होत्तॉक घ्या: आत गूळसर साखर, दालचिनी, दाणे. आतला पाक उकळता असतो. पहिला घास कडेचा आणि छोटा घ्या, नाहीतर टाळू सोलते. ऑमुकच्या काड्या खाल्ल्यावर रिकाम्या काड्या मोजून पैसे घेतात, त्या टाकू नका. ऑर्डर देण्याआधी भाव आणि माप दोन्ही विचारा, कारण मोठं माप आपसूक धरलं जाण्याच्या तक्रारी बाजारांत होतात.

सान्नाक्जी, म्हणजे नुकत्याच कापलेल्या ऑक्टोपसचे हलते तुकडे, घेतलेच तर खूप चावून गिळा. त्याचे चोषक घशाला चिकटून श्वास अडकू शकतो.

सोजू प्यायलाच हवी का? तिचे नियम काय?

मुळीच नाही. "साइदा" मागा, लिंबाच्या चवीचं सोडावॉटर येतं. सोजूची हिरवी बाटली ३६० मिलिलीटरची, मद्यार्क साधारण १६ टक्के, म्हणजे वाइनपेक्षा कडक. ती छोट्या पेल्यांतून पाण्यासारखी उतरते, हाच धोका. आपला पेला आपण भरत नाहीत. दुसऱ्याचा भरायचा, आणि मोठ्यांना ओतताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावायचे.

सोलबाहेर कुठे जावं?

वेळ असेल तर जॉन्जु. सोलच्या योंगसान स्टेशनातून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत. बिबिंबाप आणि सोयाबीनच्या मोडांचा रस्साभात यांचं हे गाव. युनेस्कोने २०१२ साली त्याला खाद्यसंस्कृतीच्या शहरांत घेतलं. एक दिवसाचीच सवड असेल तर चुनचॉन: मोठ्या तव्यावर कोबी-रताळ्याबरोबर परतलेली कोंबडी, दाकगाल्बी. शेवटी त्याच तव्यावर भात परतून घ्यायला विसरू नका. बुसान मासळीसाठी, जेजू बेट काळ्या डुकरासाठी.

कोणत्या दिवसांत जेवणाची पंचाईत होते?

सॉल्लाल (चांद्र नववर्ष, जानेवारी-फेब्रुवारी) आणि चुसॉक (सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पौर्णिमा). घरगुती दुकानं दोन-तीन दिवस बंद असतात. तेव्हा मॉल आणि कन्व्हिनियन्स स्टोअरवर भागवावं. पण चुसॉकला गेलात तर सोंगप्यॉन चुकवू नका. तांदळाच्या पिठाची उकड गरम पाण्यात मळून, तीळ-साखर किंवा डाळीचं सारण भरून, अर्धचंद्र वळून पाइनच्या पानांवर वाफवतात. उकडीचे मोदक वळलेल्या हातांना ती घडी लगेच कळते, फक्त नारळ नसतो.

किमची आणि गोचुजांग घरी आणता येतं का?

येतं, पण चेक-इन बॅगेतून. केबिन सामानात दोन्ही द्रव धरतात आणि १०० मिलिलीटरची मर्यादा लागते. किमची पाकिटातही आंबतच राहते, त्यामुळे ते फुगतं. परतीच्या दिवशी घ्या, शक्य तितकी ताजी घ्या, दोन पिशव्यांत बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. गोचुजांग घेणं जास्त सोयीचं. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळा. घरी पोचल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि दर वेळी कोरडाच चमचा घाला.